सीमाभागातील महाविद्यालये : नशा, हिंसा आणि प्रतिबंध

बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपर्यंत नशा मुख्यतः चार वाटांनी पोचते : टपरीवरची तंबाखू, परवान्याच्या दुकानातली दारू, औषध दुकानातल्या गोळ्या आणि महामार्गाने वाहत येणारा गांजा. पहिल्या तिन्ही वस्तू कायदेशीर व्यापाराच्या आडोशाने हाती पडतात. चौथी पूर्णपणे बेकायदा आहे. वर्तमानपत्रांत बातमी होते ती बहुतेक चौथीचीच. त्यामुळे गांजाचा ट्रक पकडला की प्रश्न सुटला, असा समज पसरतो. विद्यार्थ्याचे नुकसान मात्र बहुधा टपरीपासून सुरू होते, दारूवर वाढते आणि तोवर घरी, वर्गात किंवा वसतिगृहात ते कोणाच्या लक्षातही आलेले नसते. मारामारी, रॅगिंग, मुलींचा पाठलाग या गोष्टीही याच वयात आणि पुष्कळदा याच खोल्यांमध्ये घडतात. म्हणून दोन्हींच्या प्रतिबंधाचा विचार एकत्र करावा लागतो. पण दोन्हींचे मूळ एकच आहे असे धरून चालत नाही.

हा भाग कर्नाटक, महाराष्ट्र आणि तेलंगणा या तीन राज्यांच्या सांध्यावर आहे. भालकी, औराद, कमलनगर, बसवकल्याण, हुमनाबाद आणि आळंद या तालुक्यांत मराठी बोलणारी घरे जागोजाग आहेत. त्यांची सोयरीक, बाजार आणि दवाखाना पुष्कळदा उदगीर, लातूर, उमरगा किंवा सोलापूरकडे असतो. पुणे-सोलापूर-हैदराबाद रस्ता, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६५, उमरग्याकडून येऊन सस्तापूर बंगला आणि हुमनाबादवरून तेलंगणातल्या जहीराबादकडे जातो. आंध्र-ओडिशा सीमेवरच्या डोंगराळ पट्ट्यात पिकणारा गांजा पश्चिमेकडच्या मोठ्या शहरांत नेण्याच्या वाटा याच टापूतून जातात. सप्टेंबर २०२० मध्ये बेंगळुरूच्या पोलिसांनी एका रिक्षाचालकाकडे सापडलेल्या थोड्या गांजाचा माग काढत कलबुर्गी जिल्ह्यातल्या काळगी तालुक्यापर्यंत मजल मारली. तिथे मेंढ्यांच्या गोठ्यात जमिनीखाली केलेल्या खड्ड्यातून तेराशे किलोहून जास्त गांजा निघाला. २०२४ मध्ये औराद तालुक्यातल्या वनमारपल्ली नाक्यावर केंद्रीय अमली पदार्थ नियंत्रण विभाग आणि बीदर पोलिसांनी महाराष्ट्राकडे निघालेला सुमारे दीड हजार किलो गांजा पकडला. तुरीच्या आणि उसाच्या रानात आडोशाला लावलेली गांजाची झाडेही पोलिसांनी वेळोवेळी उपटून नेली आहेत.

हे साठे दूरच्या शहरांसाठी होते. पण ज्या वाटेने क्विंटलने माल जातो, त्या वाटेवर ग्रॅमने विकणारेही तयार होतात. महाविद्यालयाजवळ पुडी विकणारा पुष्कळदा स्वतः ओढणाराच असतो. आपला खर्च निघावा म्हणून तो चार मित्रांना पुरवतो. त्याला केवळ गुन्हेगार मानले की त्याच्यावर उपचार होत नाहीत, आणि केवळ रुग्ण मानले की त्याच्या पुड्या चालूच राहतात. प्रतिबंधाचे काम इथे खरोखर कठीण होते.

अलीकडे मेफेड्रोनची भर पडली आहे. बोलण्यात त्याला ‘एमडी’ म्हणतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सोलापूरजवळच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीत ते बनवणारा कारखाना उघडकीस आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तुळजापूर तालुक्यातल्या तामलवाडीजवळ पुड्या पकडल्या गेल्या आणि त्या तपासाने तुळजापूर शहर हादरले. ही दोन्ही ठिकाणे आळंद आणि बसवकल्याणच्या शेजारची आहेत. गांजाने माणूस सुस्तावतो, तर एमडीने झोप उडते, भूक मरते, संशय वाढतो आणि हात लवकर उठतो. २०१५ पासून हा पदार्थ अमली पदार्थ कायद्याच्या कक्षेत आहे.

तंबाखू आणि दारू ही तुलनेने जुनी दुखणी. महाराष्ट्राने २०१२ मध्ये आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये गुटखाबंदी केली. त्यानंतर सुपारीचा मसाला एका पुडीत आणि जर्दा दुसऱ्या पुडीत, असा जोडविक्रीचा प्रकार रूढ झाला. कर्नाटकाने २००७ मध्ये सराई, म्हणजे देशी दारू, बंद केली आणि गावोगावचे पिणारे स्वस्त बाटलीबंद दारूकडे वळले. दारू विकण्याच्या वयाबाबत दोन राज्यांचे नियम सारखे नाहीत : कर्नाटकच्या परवाना नियमांत २१ वर्षे, तर महाराष्ट्रात सौम्य बिअरला २१ आणि कडक दारूला २५. सीमेवरच्या तरुणाला हा फरक ठाऊक असतो. दुकानदार वयाचा दाखला मागत नसेल, तर दोन्ही आकडे कागदावरच राहतात. तेलंगणाच्या बाजूला शिंदीची वेगळीच कथा आहे. ताडीत क्लोरल हायड्रेट किंवा अल्प्राझोलाम मिसळण्याचे प्रकार तिथे वारंवार उघड झाले आहेत. अशी शिंदी नेमाने पिणारा माणूस आपण ताडी पितो असे समजतो. प्रत्यक्षात त्याच्या शरीराला झोपेच्या औषधाची सवय जडलेली असते, आणि एक-दोन दिवस शिंदी मिळाली नाही की तो थरथरतो, बरळतो, त्याला झटके येतात.

गोळ्यांकडे सगळ्यात कमी लक्ष जाते. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम अशा झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्यांना मराठवाड्यात ‘बटन’ म्हणतात. त्यांना वास येत नाही, धूर होत नाही, खिशात मावतात आणि दारूपेक्षा स्वस्त पडतात. परीक्षेच्या आधी झोप लागत नाही म्हणून एक घेतली जाते, पुढे दोन लागतात. दारूबरोबर घेतल्या तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. कोडीन असलेले खोकल्याचे औषध आणि व्हाइटनर किंवा पंक्चरचे सोल्यूशन हुंगणे हेही याच मालिकेतले. या गोळ्यांच्या विक्रीवर कायद्याचे नियंत्रण पुरेसे आहे : २०१४ पासून लागू असलेल्या ‘एच-१’ अनुसूचीनुसार दुकानदाराने डॉक्टरचे, रुग्णाचे नाव आणि दिलेली मात्रा स्वतंत्र नोंदवहीत लिहायची आणि ती वही तीन वर्षे जपायची. महाविद्यालयाच्या परिसरातल्या दहा-बारा दुकानांच्या या वह्या औषध निरीक्षकाने नेमाने तपासल्या, तर एकही विद्यार्थी न पकडता पुरवठ्याचा मोठा झरा आटतो. ट्रक पकडण्याइतके हे काम दिसण्यासारखे नाही, पण विद्यार्थ्याच्या दृष्टीने जास्त मोलाचे आहे.

देशपातळीवरचे विश्वासार्ह आकडे केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या पाहणीतून मिळतात. २०१९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. १० ते ७५ या वयोगटात १४.६ टक्के लोक दारू पिणारे, २.८ टक्के भांग-गांजा-चरस घेणारे आणि २.१ टक्के अफूजन्य पदार्थ घेणारे आढळले. हुंगण्याच्या पदार्थांत मात्र मुलांचे प्रमाण प्रौढांपेक्षा जास्त निघाले, सुमारे १.७ टक्के. दारूचा आकडा गांजाच्या पाचपटीहून मोठा आहे, ही गोष्ट महाविद्यालयांनी कार्यक्रम आखताना विसरता कामा नये.

या भागातला विद्यार्थी कोण, हे पाहिल्याशिवाय कारणे उमगत नाहीत. कलबुर्गीत १९८० मध्ये गुलबर्गा विद्यापीठ झाले, २००४ मध्ये बीदरला पशुवैद्यकीय विद्यापीठ आले, २००९ मध्ये आळंद तालुक्यातल्या कडगंची येथे केंद्रीय विद्यापीठ उभे राहिले, आणि २०२३ मध्ये बीदर जिल्ह्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. राज्यघटनेतल्या ३७१-जे कलमामुळे २०१३ पासून इथल्या संस्थांत स्थानिकांसाठी जागा राखीव झाल्या. घरात पदवीपर्यंत पोचलेले कोणी नाही अशी मुले अभियांत्रिकी आणि वैद्यकीय शाखांत येऊ लागली. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी बीदरला आणि लातूरला सोळा-सतरा वर्षांची मुले राहायला येतात ती वेगळीच.

औरादकडच्या एखाद्या गावातला मुलगा दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकतो आणि पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, शहरात विज्ञान शाखा घेतो. वर्गात इंग्रजी, कार्यालयात कन्नड, मेसमध्ये दखनी. गावात पहिला आलेला तो पहिल्याच चाचणीत नापास होतो आणि ते घरी सांगत नाही, कारण फीसाठी काढलेले कर्ज त्याला माहीत असते. वसतिगृहात जागा नसेल तर तो ‘रूम करून’ राहतो : दोन मजली घर, खाली मालक, वर ओळीने खोल्या, बाहेरून वेगळा जिना, एका खोलीत तीन-चार मुले. भाडे महिन्याच्या महिन्याला मिळाले की मालक वर चढत नाही. महाविद्यालयाच्या लेखी ही खोली आवाराबाहेर, पालकांच्या लेखी ती महाविद्यालयाच्या देखरेखीत, आणि पोलिसांच्या लेखी ते खासगी घर. म्हणजे ती कोणाच्याच जबाबदारीत नाही. जागरणासाठी तंबाखू, शनिवारी वर्गणी काढून बाटली, आणि वरच्या वर्गातल्या एखाद्याने आपुलकीने पुढे केलेला पहिला झुरका, हे सगळे या खोलीत घडते. आग्रह करणारा अनोळखी विक्रेता नसतो. नोट्स देणारा, घरची आठवण काढणारा मित्रच असतो. म्हणूनच ‘अनोळखी माणसाकडून काही घेऊ नका’ ही सूचना इथे कामाला येत नाही.

पुढची पावले ठरावीक आहेत. आधी कधीमधी, मग ठरलेल्या दिवशी, मग अस्वस्थ वाटेल तेव्हा, आणि शेवटी न घेतल्यास अस्वस्थ वाटते म्हणून. विचार करून थांबण्याचे काम करणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो. सुखाची चटक लावणारी यंत्रणा मात्र त्याच्या कितीतरी आधी जोरात असते. सतराव्या वर्षी लागलेली सवय सत्ताविसाव्या वर्षी लागलेल्या सवयीपेक्षा खोल रुजते, ती यामुळे. घरात मनोविकाराचा इतिहास असलेल्या तरुणाला गांजामुळे भास आणि संशयाचा आजार जडण्याचा धोका इतरांहून जास्त असतो. बाहेरून दिसणाऱ्या खुणा साध्या असतात : पहिल्या तासाला सतत गैरहजेरी, उसनवारी, मोबाइल गहाण पडणे, खेळ किंवा तालीम सुटणे, जुने मित्र तुटणे, घरी फोन टाळणे. यांतल्या एखाद्या खुणेवरून काही सिद्ध होत नाही. तीन-चार एकत्र दिसल्या की विचारपूस करायला हवी.

हिंसेचा इतिहासही या भागाला आहे, आणि तो नशेच्या कथेशी दरवेळी जुळत नाही. सप्टेंबर १९८८ मध्ये गणेशोत्सवाच्या दिवसांत बीदर शहरात शीख विद्यार्थ्यांवर हल्ले झाले आणि सहा विद्यार्थी मारले गेले. बाहेरून शिकायला आलेली मुले आणि शहरातली मंडळी यांच्यातल्या धुसफुशीचे त्या दिवसांत धार्मिक हिंसेत रूपांतर झाले. २०१६ मध्ये कलबुर्गीतल्या एका नर्सिंग महाविद्यालयात केरळहून आलेल्या पहिल्या वर्षाच्या दलित विद्यार्थिनीला वरच्या वर्गातल्या मुलींनी स्वच्छतागृह धुण्याचे द्रव पाजल्याची तक्रार झाली. तिच्या अन्ननलिकेला गंभीर इजा झाली आणि तिच्यावर केरळात उपचार करावे लागले. २०२४ च्या एप्रिलमध्ये हुबळीत महाविद्यालयाच्या आवारातच एका विद्यार्थिनीचा चाकूने खून झाला. त्याच वर्षी बीदरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात कार्यक्रमाच्या तालमीत लावलेल्या गाण्यावरून विद्यार्थ्यांचे दोन गट भिडले. धर्म, जात, प्रांत, नकार न पचणे, वरिष्ठपणाचा माज अशी या घटनांची निमित्ते आहेत. यांपैकी कशाचेही खापर नशेवर फोडून महाविद्यालयाला मोकळे होता येणार नाही.

तरीही दोन्हींचे धागे काही ठिकाणी गुंततात. दारू राग निर्माण करत नाही. असलेल्या रागावरचा लगाम सोडते. निरोप समारंभाची रात्र, क्रिकेटचा सामना, विसर्जनाची मिरवणूक, निकालाचा दिवस अशा वेळी जमलेल्या मुलांत आधीची खुन्नस असेल आणि त्यात दारू पडली, तर धक्काबुक्कीचे डोके फोडण्यात रूपांतर व्हायला वेळ लागत नाही. पुडीचे थकलेले पैसे हे मारहाणीचे दुसरे कारण. तिसरे उलट दिशेने चालते : ज्याचे रॅगिंग झाले किंवा जिला रोज रस्त्यात त्रास होतो, ती मुले झोपेसाठी गोळी घेऊ लागतात.

कर्नाटकात विद्यार्थी संघटनांच्या निवडणुका १९८९ मध्ये थांबवल्या गेल्या, आवारातली गुंडगिरी हे त्याचे एक कारण सांगितले गेले. निवडणुकांबरोबर मारामाऱ्या घटल्या असतील, पण विद्यार्थ्यांच्या वतीने प्राचार्यांशी बोलणारा निवडून आलेला प्रतिनिधीही नाहीसा झाला. तक्रार मांडायला जागा नसेल तर ती गटाच्या, जातीच्या किंवा बाहेरच्या एखाद्या ‘अण्णा’च्या आश्रयाला जाते. प्रत्येक वर्गातून, वेगवेगळ्या भाषांची आणि धर्मांची मुले असलेली विद्यार्थी समिती ही उणीव थोडी तरी भरून काढते.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजाची १ किलोपर्यंतची मात्रा ‘अल्प’ आणि २० किलोपासून पुढची ‘व्यापारी’ धरली जाते. अल्प मात्रेला एक वर्षापर्यंत, व्यापारी मात्रेला दहा ते वीस वर्षे कैद. शिक्षणसंस्थेत किंवा तिच्या लगत गुन्हा घडला, तर शिक्षा वाढवण्याचे ते एक कारण न्यायालय मानू शकते. याच कायद्याचे ६४-अ कलम मात्र फार थोड्यांना माहीत असते : व्यसन जडलेला आणि अल्प मात्रेच्या किंवा सेवनाच्या आरोपात सापडलेला माणूस स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. पीयूसीची बहुतेक मुले अठरा वर्षांखालची असतात. अशा मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. शाळा-महाविद्यालयापासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, आणि कर्नाटकाने आपल्या दुरुस्तीने विक्रीचे किमान वय १८ वरून २१ केले आहे. रॅगिंगविषयी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे नियम सर्व संस्थांना बंधनकारक आहेत. गुन्ह्याचे स्वरूप दिसत असेल तर माहिती कळल्यापासून २४ तासांत संस्थाप्रमुखाने पोलिसांत तक्रार द्यायची असते. प्रकरण ‘आपसांत मिटवणे’ हे या नियमाचे उल्लंघन आहे.

प्रतिबंधाच्या नावाखाली जे सर्रास होते, त्यातले पुष्कळसे निरुपयोगी आहे. २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन येतो. फेरी निघते, शपथ होते, पोलीस अधिकारी भाषण करतात, कवटीचे चित्र असलेला फलक लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हे कार्यालयाने २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये जगभरच्या अभ्यासांवरून प्रतिबंधाची मानके प्रसिद्ध केली. त्यांत एकवेळची व्याख्याने, भीती घालणे आणि व्यसनातून बाहेर पडलेल्यांच्या नुसत्या कहाण्या ऐकवणे यांचा उपयोग होत असल्याचा पुरावा मिळत नाही असे स्पष्ट म्हटले आहे. अमेरिकेत १९८३ पासून पोलिसांनी शाळाशाळांत चालवलेल्या ‘डेअर’ कार्यक्रमाचेही मूल्यमापन असेच निराशाजनक निघाले. उलट आइसलँडमध्ये मुलांचे संध्याकाळचे रिकामे तास खेळ, संगीत आणि क्लबांनी भरले, पालकांना एकत्र आणले, आणि दरवर्षी मुलांची पाहणी केली. महिन्याभरात दारूच्या नशेत गेलेल्या १५-१६ वर्षांच्या मुलांचे प्रमाण १९९८ मध्ये ४२ टक्के होते, ते २०१६ मध्ये ५ टक्क्यांवर आले. आइसलँड श्रीमंत आणि चिमुकला देश आहे. पण संध्याकाळी सहा ते दहा मैदान, वाचनालय आणि व्यायामशाळा उघडी ठेवण्याला फारसे धन लागत नाही. भालकी किंवा आळंदच्या महाविद्यालयालाही ते जमते.

सर्वांत उपयोगी ठरणारी गोष्ट लवकर आणि शांतपणे विचारणे ही आहे. जागतिक आरोग्य संघटनेची ‘असिस्ट’ नावाची आठ प्रश्नांची चाचणी त्यासाठीच आहे. गेल्या तीन महिन्यांत कोणता पदार्थ कितीदा घेतला. घेण्याची तीव्र ओढ कितीदा लागली. त्यामुळे तब्येत, पैसा, कायदा, नातेसंबंध यांत अडचण आली का. नेहमीची कामे राहून गेली का. कोणी काळजी व्यक्त केली का. कमी करण्याचा प्रयत्न फसला का. प्रत्येक पदार्थाचे गुण वेगळे. दारू सोडून इतर पदार्थांत ३ पर्यंत गुण म्हणजे कमी धोका, ४ ते २६ मध्यम, २७ पासून पुढे तीव्र. मधल्या गटातल्या विद्यार्थ्याला दवाखान्यात भरती करायची गरज नसते. प्रशिक्षित समुपदेशकाने त्याचेच गुण त्याच्यापुढे ठेवून दहा-पंधरा मिनिटे केलेले बोलणे पुष्कळदा पुरते. ‘यातून तुला काय मिळते, आणि काय जाते?’ असा प्रश्न त्यात असतो, उपदेश नसतो. हे बोलणे गुप्त राहील अशी खात्री असेल तरच मुले खरे सांगतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांशी निगडित अवस्था मानसिक आजारात धरल्या आहेत आणि रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा असा आदेश दिला. या नेमणुकीत भाषा पाहिली पाहिजे. सीमाभागात कन्नड, मराठी आणि दखनी-उर्दू या तिन्हींत सहज बोलणारी माणसे विपुल आहेत. मनातली लाज सांगायला मुलाला घरची भाषा लागते.

भाड्याच्या खोल्यांसाठी महाविद्यालयाने प्रवेशाच्या वेळीच पत्ता, मालकाचा फोन आणि खोलीतल्या मुलांची नावे घ्यावीत, आणि पहिल्या सहा आठवड्यांत एका प्राध्यापकाने तिथे जाऊन यावे. ही धाड नव्हे, चौकशी असते : मेसचे जेवण कसे आहे, झोप लागते का, कोणता विषय जड जातो. नवे मूल एकटे पडते ते याच सहा आठवड्यांत, आणि रॅगिंगही तेव्हाच होते. मालक, मेस चालवणारी बाई, टपरीवाला, रिक्षावाला यांना सगळे आधी कळते. त्यांच्यासाठी एक फोन नंबर असला आणि त्यावर कळवल्यावर पोलिसांची गाडी न येता आधी शिक्षक येतो असा अनुभव आला, तर ते कळवतात. भांडणात मधे पडण्याचेही शिक्षण देता येते. थेट अंगावर न जाता दोघांपैकी एकाला काही निमित्ताने बाजूला नेणे, मोबाइलवर चित्रण करत उभे न राहता माणसे बोलावणे, आणि दुसऱ्या दिवशी मार खाल्लेल्याची विचारपूस करणे, एवढे वर्गातल्या पाच-सहा मुलांना येत असले तरी फरक पडतो.

या मातीत व्यसनमुक्तीची स्वतःची परंपरा आहे. इळकलच्या चित्तरगी मठाचे डॉ. महांत स्वामी खांद्याला झोळी लावून दारोदार फिरत आणि भिक्षा म्हणून धान्य-पैसा न मागता व्यसने मागत. लोक तंबाखूच्या पुड्या, विड्या त्या झोळीत टाकून शपथ घेत. त्यांचा जन्मदिवस, १ ऑगस्ट, कर्नाटक सरकार व्यसनमुक्ती दिन म्हणून पाळते. भालकी-बसवकल्याणच्या गावांत वारकऱ्याने माळ घातली की दारू सुटते, हे घराघरांत पाहिलेले असते. या दोन्ही परंपरांत शिक्षा नाही. चारचौघांसमोर दिलेला शब्द आहे, आणि तो पाळायला सोबत करणारी मंडळी आहेत. आधुनिक स्वमदत गटांचे तत्त्व याहून वेगळे नाही. मात्र गोळ्या, दारू किंवा भेसळीची शिंदी शरीरात मुरलेल्या माणसाने केवळ शपथेच्या बळावर एका दिवसात सोडणे धोक्याचे आहे. झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. मात्रा हळूहळू उतरवण्यासाठी डॉक्टर लागतो.

उपचाराची सोय जिल्ह्यातच सुरू होते. बीदर आणि कलबुर्गी या दोन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत, आणि कर्नाटकाच्या ‘मनोचैतन्य’ योजनेत मानसोपचारतज्ज्ञ ठरावीक मंगळवारी तालुका रुग्णालयात येतात. सीमेवरची मराठी कुटुंबे सोलापूर, लातूरला किंवा थेट पुण्यालाही जातात. येरवड्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केले. फोनवर मदत हवी असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मानसिक ताणासाठी टेली-मानसचा १४४१६ आणि रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२ हे देशभर चालणारे क्रमांक आहेत. कोणी पिऊन किंवा गोळ्या घेऊन बेशुद्ध पडला, तर त्याला कुशीवर वळवावे म्हणजे उलटी घशात अडकत नाही. झोपेल आणि बरा होईल असे म्हणून एकटे सोडू नये. १०८ ला फोन करावा आणि काय घेतले ते डॉक्टरला खरे सांगावे. शिक्षेच्या भीतीने खोलीतली मुले इथेच तास-दोन तास घालवतात. मदतीसाठी फोन करणाऱ्यावर कारवाई होणार नाही, असा लेखी नियम महाविद्यालयाने जाहीर केला तर तो वेळ वाचतो.

उपचारानंतर विद्यार्थी परत येतो तेव्हाचे दोन-तीन महिने सर्वांत नाजूक असतात. हजेरी कमी पडल्यामुळे सत्र गेले, तर तो त्याच जुन्या खोलीत रिकामा बसतो. वैद्यकीय रजेच्या आधारे हजेरीत सवलत, खोली बदलून देणे, आठवड्यातून एकदा समुपदेशकाची भेट आणि राहिलेल्या विषयांसाठी जादा तासिका यांची तजवीज त्याच्या येण्याआधीच झालेली असावी. पुन्हा एखादे वेळी घेतली गेली तर ती या आजारात अपेक्षित असलेली घसरण धरून उपचार पुढे चालू ठेवायचे असतात. त्या कारणाने नाव कमी केले, तर विद्यार्थी गावी परततो आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारी शेवटची संस्थाही सुटते.